बँडसॉच्या चाकाचं रबर: गोंद कुठे धरतो आणि कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १८ इंची चाकांचा जुना बिडाचा बँडसॉ (वरच्या-खालच्या दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीची करवत) तुम्ही घेतला आहे. खालच्या चाकाच्या रबरावर मधोमध पट्टीने चर पाडला आहे, एका ठिकाणी वीतभर रबर सुटलं आहे, एक आडवी चीर आहे, आणि मशीन चालू केली की पट्टी पुढे सरकते. नवं रबर मिळायला वेळ लागणार आणि हातातलं काम थांबवता येत नाही. तेव्हा सुटलेला भाग आणि चर दोन्ही अॅरल्डाइटने (इपॉक्सी गोंदाने) भरून घेतले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. सुटलेलं रबर चिकटवता येईल, पण त्यासाठी अॅरल्डाइट वापरू नका. चीर बहुधा सांधता येईल. चर मात्र कशानेच भरू नका. त्याचा उपाय रबर घालण्यात नाही, काढण्यात आहे. आणि हे सगळं रबरात अजून जीव असेल तरच. कोकणात लाकूडकामाच्या मशीन दुरुस्त करताना माझ्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा "कोणता गोंद लावू" असाच येतो. गोंद ही नंतरची गोष्ट आहे. गोंद दोन पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवतो. वाळून कडक झालेल्या किंवा तेलाने कुजलेल्या रबरातली गेलेली लवचीकता तो परत आणत नाही. मेलेलं रबर कितीही चांगलं चिकटवलं तरी गोंदाच्या थरापाशी न सुटता त्याच्या वरच्या बाजूला, रबरातच फाटतं.

हे रबर चाकावर कशासाठी असतं ते एकदा बघू, म्हणजे काय दुरुस्त करायचं ते नीट कळेल. पट्टीचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात. ते थेट बिडावर घासले तर वाकवलेला कोन जातो आणि पट्टी लाकडात अडकते. रबर त्या दातांना मऊ बसायला जागा देतं. दुसरं काम पकडीचं: खालचं चाक मोटरवर फिरतं आणि रबराच्या घर्षणाने पट्टी ओढतं. तिसरं काम पट्टी जागेवर ठेवायचं, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याकडेच होतं. चांगल्या टायरचा, म्हणजे चाकावरच्या या रबराचा, माथा सपाट नसतो, मधे किंचित फुगलेला असतो. ताणलेली सपाट पट्टी अशा फुगीर चाकावर फिरली की आपोआप उंच भागाकडे चढते आणि तिथेच राहते. मधे चर पडला की हा उठाव जातो आणि पट्टीला चढायला दोन उंचवटे मिळतात, चराच्या दोन्ही काठांचे. मग ती कधी पुढच्या काठाकडे जाते, कधी मागच्या. (सॉ मिलमधल्या मोठ्या, रुंद पट्टीच्या मशीनच्या चाकांवर रबर नसतं. तिथे दात चाकाच्या कडेबाहेर राहतात, म्हणून ते चालतं. तिथलं बघून "रबराशिवाय चालवू" असं मनात आणू नका.)

आता तुमच्या रबरात जीव आहे का ते पाहा. मशीनचा प्लग काढा, पट्टी उतरवा, चाक हाताने फिरवत चार-पाच ठिकाणी रबरात अंगठ्याचं नख जोरात रुतवा. खूण उठून लगेच भरून आली तर रबर ठीक आहे. नख घसरत असेल, रबर चकचकीत आणि कडक लागत असेल तर लगेच निकाल देऊ नका. पुष्कळदा फक्त वरची साल घासून आणि तापून कडक झालेली असते. तेवढ्या जागी ८० नंबरच्या एमरी पेपरने अर्धा मिलिमीटर काढा आणि पुन्हा नख लावा. आत मऊ लागलं तर टायर वाचेल. बोटाला काळं लागत असेल, रबर चिकट होऊन लोळ्या निघत असतील, तर त्यात तेल किंवा ग्रीस मुरलं आहे. त्यावर कुठलाही गोंद धरणार नाही, ते बदलायचंच. शेवटची परीक्षा सुटलेल्या भागावर घ्या. तो हलकेच बाहेरच्या बाजूला वाकवा. वाकवल्यावर बारीक भेगांची जाळी उघडली तर हे रबर फार दिवस टिकणार नाही, हातातलं काम निघेल इतकंच.

चरात किती जाडी उरली आहे तेही मोजा. सुटलेल्या भागाला व्हर्नियर लावता येतो, म्हणून तिथे ते सोपं आहे. माझा हिशेब असा की चराच्या तळाशी ३ मिलिमीटर उरले असतील तर घासून आकार देता येतो. त्याहून कमी असेल तर घासल्यावर कडेला इतकं कमी उरतं की दात बिडापर्यंत पोचतात.

आडव्या चिरेबद्दल थोडं सांगतो, कारण तिचं कारण कळलं तर पुढची चीर टळेल. ताणलेल्या रबराला हवेतला ओझोन चावतो आणि त्याच्या भेगा नेहमी ताणाच्या आडव्या पडतात. टायर चाकाभोवती ताणून बसवलेला असतो, म्हणून चिरा चाकाच्या रुंदीत येतात. वेल्डिंगच्या ठिणगीतून ओझोन तयार होतो, आणि हातातल्या ग्राइंडरच्या मोटरमधल्या ब्रशच्या ठिणगीतूनही होतो. बँडसॉ वेल्डिंगच्या जागेशेजारी ठेवलेला असेल तर तो हलवा. नवा टायर आणून ठेवणार असाल तर ताणून खुंटीला टांगू नका, सैल ठेवा आणि उन्हापासून लांब ठेवा.

गोंदाचा डबा उघडण्याआधी आणखी दोन गोष्टी. पहिली म्हणजे, खालच्या चाकावर जे दिसतंय ते सगळं रबर असेलच असं नाही. भुसा खालीच पडतो आणि लाकडातल्या राळेबरोबर दाबला जाऊन रबरावर थापला जातो. ओलसर फणस किंवा पाइन कापत असाल तर हा थर दगडासारखा होतो आणि चराच्या काठांवर साचून चर आहे त्याहून खोल दाखवतो. लाकडाच्या धारदार पाचरीने तो खरवडून काढा, उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. रॉकेल, टर्पेंटाइन, डिझेल यातलं काही रबराला लावू नका. रबर ते पितं, फुगतं, आणि मागे राहणाऱ्या तेलकट थरावर गोंद बसत नाही.

दुसरी गोष्ट पट्टी पुढे सरकण्याची. त्याचा दोष तुम्ही खालच्या चाकाला दिला आहे, कारण तेच वाईट दिसतंय. पण पट्टी कुठे धावेल हे मुख्यतः वरचं चाक ठरवतं, कारण कलवायचा स्क्रू त्याला असतो. वरच्या चाकाचं रबर तितक्याच बारकाईने बघा. चाक दोन्ही हातांनी धरून हलवा. बेअरिंग ढिलं असेल तर रबराचं सगळं काम फुकट जाईल. दोन्ही चाकांच्या कडांना एक सरळ फळी उभी टेकवून ती एका पातळीत आहेत का ते पाहा. आणि शक्य असेल तर एकदा दुसरी, पाठ सरळ असलेली पट्टी चढवून बघा. पट्टीचा वेल्ड (तिची दोन टोकं जोडलेली जागा) वाकडा असेल तर ती प्रत्येक फेऱ्याला पुढे-मागे होते आणि बोल रबराला लागतो.

आता गोंद. अॅरल्डाइटला मी नाही का म्हणालो? ते धातूला उत्तम धरतं हे खरं आहे, आणि नवा, आतून नीट खरखरीत केलेला टायर पूर्ण घेराला बसवताना इपॉक्सी वापरणारे अनुभवी लोक आहेत. ते सावकाश सेट होतं म्हणून टायर सरकवायला वेळ मिळतो, हा त्याचा खरा फायदा. पण तुमच्यासारख्या अर्धवट सुटलेल्या जागी दोन अडचणी येतात. ते कडक होतं. शेजारचं रबर पट्टीखाली दर फेऱ्याला दबून उठतं, इपॉक्सीचा थर मात्र दबत नाही, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथून नवं सुटणं सुरू होतं. शिवाय ते थराने जाड बसतं. टायरखाली एका जागी अर्धा मिलिमीटर जाड थर बसला की चाक गोल राहत नाही आणि पट्टी दर फेऱ्याला धक्का खाते. एम-सीलचं तेच, त्याहून जास्त.

सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन घरात असतं म्हणून लोक ते लावतात. ते रबराला रबर जोडायला केलेलं आहे. बिडाच्या धातूवर त्याची पकड कच्ची असते. सिलिकॉन सीलंट तर हातातच घेऊ नका. ते काळ्या रबराला नीट धरत नाही आणि त्याचा जो अंश मागे राहतो त्यावर नंतर दुसरा कुठलाच गोंद बसू देत नाही, म्हणजे पुढच्या दुरुस्तीची वाटही बंद होते.

रबर आणि धातू यांच्यामध्ये मी जे वापरतो ते तुमच्याकडे आधीपासून असेल: सनमायका चिकटवायला जे सिंथेटिक रबराचं अॅढेसिव्ह वापरतात ते, फेविकॉलचं एसआर ९९८ किंवा त्याच जातीचं दुसरं. ते सुकल्यावरही लवचीक राहतं, रबराबरोबर दबतं-उठतं, आणि थर पातळ बसतो. डबा मात्र ताजा हवा. तळाशी जेलीसारखं घट्ट झालेलं, तार न सुटणारं अॅढेसिव्ह थिनर घालून पातळ करून वापरू नका.

सुटलेला भाग असा बसवा. रबर जिथपर्यंत सुटलंय त्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर आणखी सोडवा, कारण दिसायला चिकटलेलं दिसतं तिथेही आत पकड गेलेली असते. लाकडाचा गोल दांडा मधे घालून रबर उचलून धरा. स्क्रूड्रायव्हर घातला तर टोक रबरात घुसतं. आतला जुना गोंद पटाशीने खरवडा. बिडावर गंज असेल तर चकचकीत धातू दिसेपर्यंत एमरीने काढा आणि त्याच दिवशी चिकटवा, रात्रभर उघडं ठेवू नका. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळपर्यंत त्यावर तांबूस गंज परत आलेला असतो. रबराची आतली बाजू ६० किंवा ८० नंबरने खरखरीत करा, चकाकी कुठेही राहता कामा नये. मग दोन्ही बाजू अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकू द्या.

दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर लावा. जाड थर लावून पकड वाढत नाही, आतलं सॉल्व्हंट अडकून ती कमी होते. साधारण १० ते १५ मिनिटं थांबा. बोटाचं मागचं पेर लावून बघा: चिकट लागावं, पण पेराला काही येऊ नये. त्याआधी दाबलंत तर सॉल्व्हंट आतच राहील. फार उशीर केलात तर दोन्ही थर एकमेकांना ओळखणार नाहीत, मग आणखी एक पातळ हात द्यावा लागतो. बसवताना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दांडा हळूहळू मागे घेत जा, म्हणजे हवा अडकत नाही. हे अॅढेसिव्ह एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून टायरची कड चाकाच्या कडेशी जुळते आहे हे आधीच, कोरडं बसवून पाहून घ्या.

मग दाब. हाताने दाबून भागत नाही, आणि गोल चाकावर शिकंजे नीट बसत नाहीत. सायकलची जुनी ट्यूब लांब कापून चाकाच्या संपूर्ण घेराभोवती ताणून दोन-तीन वेढे द्या आणि बांधून ठेवा. सगळीकडे सारखा दाब येतो. एक दिवस तसंच राहू द्या, पावसाळ्यात दोन दिवस.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर याच कारणाने चिकटवलेलं सुटतं आणि बोल गोंदाला लागतो. सॉल्व्हंट उडताना गोंदाचा थर गार पडतो. हवा दमट असेल तर त्या गार थरावर पाण्याचा अतिसूक्ष्म पडदा जमतो. थर किंचित पांढरट, धुरकट दिसतो. तो दाबला तर चिकटल्यासारखं वाटतं, पण आठवड्यात सुटतं. उपाय असा की काम दुपारी करा, आणि डबा उघडण्याआधी चाकाची कड आणि रबर हेअर ड्रायरने कोमट करून घ्या. डबा उघडल्यावर ड्रायर बंद करून बाजूला ठेवा. या गोंदातलं सॉल्व्हंट झटकन पेट घेतं, आणि आजूबाजूला भुसा असतोच. ग्राइंडर, वेल्डिंग, विडी-सिगारेट सगळं बंद, खिडक्या उघड्या.

चिरेकडे वळू. चिरेच्या दोन्ही बाजू स्वच्छ असतील आणि एकमेकींना नीट भिडत असतील तर इथे फेवीक्विकच्या जातीचा गोंद योग्य आहे. रबरी दोरी कापून ओ-रिंग बनवताना टोकं याच जातीच्या गोंदाने जोडतात, आणि तो सांधा ताण घेतो. चीर वाकवून उघडा, आत अल्कोहोलचा बोळा फिरवा, सुकू द्या, एकाच बाजूला अगदी थोडा गोंद लावा आणि अर्धा-एक मिनिट बंद धरून ठेवा. बाहेर सांडलेला गोंद काचेसारखा कडक होतो. तो सुकल्यावर एमरीने काढून टाका. चिरेत जुना भुसा, तेल गेलेलं असेल, कडा झिजून मधे फट राहत असेल, तर हा गोंद धरणार नाही. फट भरायची त्याची कुवत नाही. तेव्हा चिरेच्या खालचं रबर एसआरने चाकाला पक्कं धरलेलं आहे एवढं बघा आणि वरची चीर तशीच राहू द्या. पक्कं चिकटलेल्या टायरवरची एखादी बारीक आडवी चीर पट्टीला त्रास देत नाही. त्रास देतो तो तिचा उचललेला ओठ. तो दिसला तर धारदार ब्लेडने तिरपा छाटून टाका.

आता चर, आणि तो भरू नका असं मी का म्हणतो ते. तुमच्या मशीनची पट्टी मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास धावत असेल असं धरू. म्हणजे १८ इंची चाक मिनिटाला सव्वासहाशे फेरे घेतं. या वेगाला चाकाच्या कडेवरची प्रत्येक वस्तू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ १०० पट जोराने बाहेर फेकली जात असते. २० ग्रॅम भरणी असेल तर तिच्यावर २ किलोचा सतत ओढा, आणि वरून पट्टी तिला सेकंदाला दहा वेळा दाबून सोडणार. बाजूने ओढलं तर गोंद खूप भार सहन करतो, पण कडेपासून सोलून काढायला फारच थोडा जोर लागतो. चरात भरलेल्या थराची कड शून्य जाडीची असते आणि पट्टी नेमकी तिथेच ती सोलते. तो तुकडा सुटून पट्टी आणि चाकामध्ये गेला की पट्टी उतरते किंवा वेल्डपाशी तुटते.

गाडीच्या काचेला वापरतात ते पीयू सीलंट याला काहीसा अपवाद आहे. ते रबरासारखं लवचीक सुकतं आणि टायरचा एखादा टवका उडालेली, कडेजवळची लहान जागा त्याने भरता येते. पण ते हवेतल्या ओलाव्यावर बाहेरून आत सुकतं, दिवसाला २-३ मिलिमीटर. वरून सुकलेलं दिसतं आणि आत ओलं असतं. घाईच्या कामात त्याचा उपयोग नाही, आणि पट्टी जिथे धावते त्या मधल्या पट्ट्यात मी ते कधीच घालत नाही.

चराचा खरा उपाय म्हणजे त्याचे दोन्ही काठ खाली आणायचे. चराचा तळ हा नवा माथा धरायचा आणि दोन्ही बाजू त्याच्या खाली उतरत्या करायच्या. १८ इंची चाकाला मधल्यापेक्षा कडा अर्धा ते पाऊण मिलिमीटर खाली असल्या की पुरे. यापेक्षा जास्त उठाव दिला तर रुंद पट्टी नुसत्या मधल्या रेषेवर टेकते आणि डुलते. लाकडाच्या ठोकळ्यावर ८० नंबरचा पेपर ताणून लावा, मशीनच्या बॉडीला एक आडवी फळी पक्की बांधून तिच्यावर ठोकळा टेकवा, आणि मोटरचा बेल्ट काढून चाक हाताने फिरवा. चालू मोटरवर खालचं चाक घासणारे पुष्कळ आहेत, पाच मिनिटांत होतं हेही खरं. पण उघड्या दारातून १५ मीटर प्रति सेकंद फिरणाऱ्या चाकाजवळ हात नेण्याइतकं हे काम तातडीचं नसतं. हाताने अर्ध्या दिवसाचं काम आहे, नीट होतं, आणि किती निघालं ते कळत राहतं. तोंडाला मास्क हवा, रबराची भुकटी फुप्फुसाला वाईट.

घासताना मधे पांढऱ्या खडूची रेघ घेराभर ओढून ठेवा. ती रेघ शेवटपर्यंत शाबूत राहिली पाहिजे, म्हणजे माथा तुम्ही खाल्ला नाही. काम झाल्यावर बॉडीला एक खिळा असा बांधा की त्याचं टोक रबराला जेमतेम शिवेल, आणि चाक फिरवा. कुठे फट, कुठे घासणं दिसेल. पाव मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. मग बेल्ट नसतानाच चाक सोडून द्या. ते दरवेळी एकाच जागी येऊन थांबत असेल तर तो भाग जड आहे. चिकटवलेल्या जागी गोंदाचा जाड थर राहिला तर हे होतं.

एवढं सगळं रबर जिवंत असेल तर. म्हणजे आत्तापर्यंतचा क्रम असा झाला: खरवडून नख लावा, वरचं चाक आणि बेअरिंग तपासा, सुटलेलं एसआरने बसवा, भिडणारी चीर सांधा, चराचे काठ उतरवा.

नखाच्या परीक्षेत रबर नापास झालं तर वरचं काही करू नका. ते सगळं सोलून काढा. नवा टायर येईपर्यंत काम चालवायचं असेल तर रबर शीटच्या दुकानातून निओप्रीनची ४ ते ५ मिलिमीटर जाड शीट आणून रबरी पट्टी कापता येते. कडकपणा ६५ ते ७५ शोअर ए मागा. ट्रकच्या किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी लावतात, पण ट्यूबचं रबर फार मऊ असतं. करवतीच्या पट्टीचा ताण दिला की ते एका बाजूला सरकतं, आणि महिनाभरात चर पडतो. त्यात पातळ ट्यूबला घासून उठाव द्यायला जाडीच नसते.

लांबी मोजायची रीत सांगतो. समजा उघड्या चाकाचा व्यास ४४५ मिलिमीटर भरला. घेर १३९८. रबरी पट्टी त्याच्या पाच टक्के कमी, म्हणजे १३२८ घ्या. किंचित ताणून बसली की रबर स्वतःच चाकाला आवळून धरतं, सगळा भार गोंदावर येत नाही. कारखान्यातून अखंड गोल येणारे टायर याहून जास्त ताणून बसवतात, कारण त्यांना सांधा नसतो. तुमच्या रबरी पट्टीला आहे, म्हणून जास्त ताणू नका. टोकं सरळ न कापता २० मिलिमीटर उतार देऊन तिरपी कापा आणि लांबीत ते २० मिलिमीटर वेगळे धरा. सांधा फेवीक्विकच्या जातीच्या गोंदाने करा आणि एक दिवस राहू द्या.

सांध्याच्या वरच्या पातळ ओठाची दिशा महत्त्वाची आहे, आणि दोन्ही चाकांना ती उलट असते. खालचं चाक पट्टीला ओढतं, म्हणजे पट्टी रबराला मागे खेचते. तिथे ओठाचं टोक फिरण्याच्या उलट दिशेला हवं. वरच्या चाकाला पट्टी फिरवते, म्हणजे रबर पुढे खेचलं जातं. तिथे टोक फिरण्याच्या दिशेला हवं. असं ठेवलं की प्रत्येक फेऱ्यात ओठ खाली दाबला जातो, उचलला जात नाही.

चाकावर ही गोल रबरी पट्टी आधी कोरडी चढवा. मग दांडा तिच्याखाली घालून पूर्ण घेराभोवती दोन-तीनदा फिरवा. त्याने ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. हे टाळलं तर एका बाजूला रबर पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड बसतं आणि कितीही घासलं तरी नीट होत नाही. त्यानंतर दांड्याने थोडं थोडं उचलत, तुकड्या-तुकड्याने गोंद लावत पुढे जा. उठाव शेवटी घासूनच द्यायचा.

विकत घेताना युरेथेनचा टायर मिळाला तर घ्या. तेल, ओझोन, राळ या सगळ्यांना तो काळ्या रबरापेक्षा जास्त टिकतो, आणि बहुतेक वेळा गोंदाशिवाय, नुसत्या ताणाने बसतो. चढवण्याआधी गरम पाण्यात ठेवून मऊ करतात. मात्र तुमच्या चाकाच्या कडेला टायर बसायची खाच आहे की ती सपाट आहे, हे बघून मगच मागवा. खाच असेल तर तिची रुंदी आणि खोली दोन्ही कळवावी लागतात. आणि युरेथेन सपाट येत असेल तर चाकाच्या बिडालाच उठाव आहे का हे आधी तपासा, कारण युरेथेन घासून आकार देणं काळ्या रबरापेक्षा बरंच अवघड जातं.

पहिल्यांदा चालू करताना दोन्ही दारं बंद, बाजूला उभं राहून, पट्टीशिवाय पाच मिनिटं. बंद करून चिकटवलेल्या कडा बोटाने तपासा. मग पट्टी चढवा, हाताने पूर्ण फेरे देऊन ती माथ्यावर धावते का ते बघा आणि मगच वीज द्या. चर पुन्हा इतक्या लवकर पडू नये म्हणून पट्टीची जाडी तपासा. चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी जाडी, हा जुना अंदाज आहे. तुमच्या ४५७ मिलिमीटरला ०.४५, बाजारात मिळणारी ०.५ चालून जाते. ०.९ ची पट्टी लावली तर ती वळवायलाच इतका ताण द्यावा लागतो की रबर चेपतं. खालच्या चाकाला भुसा झाडणारा ब्रश नसेल तर बसवा, जुन्या बुटाच्या ब्रशचा अर्धा तुकडाही पुरतो. आणि संध्याकाळी काम संपल्यावर ताणाचं हँडल सैल करा. रात्रभर ताणात राहिलेली पट्टी रबराला एकाच जागी दाबून ठेवते आणि सकाळी पहिल्या फेऱ्यांत जो ठकठक आवाज येतो तो तिथूनच येतो.

नखाची परीक्षा, चराच्या तळाची जाडी आणि चाकाच्या कडेचा आकार, या तिन्ही गोष्टी कळवल्यात तर तुमच्या चाकाला चिकटवणं पुरेल की नवं रबर घालावं लागेल ते मी नेमकं सांगू शकेन.